ऑनलाइन लिलावात नाणे घेताना फसवणूक कशी टाळावी: बोलीआधीची आणि पार्सलनंतरची तपासणी

संग्राहक प्रत्यक्ष नाणे पाहतो तेव्हा कितीतरी गोष्टी तो नकळत तपासत असतो. तळहातावर घेताच वजनाचा अंदाज येतो, उजेडात तिरके धरले की चकाकी पृष्ठभागावरून कशी सरकते ते दिसते, कडेवरून बोट फिरवले की खाचा सारख्या आहेत की नाहीत ते कळते. ऑनलाइन लिलावात यांपैकी काहीच हाताशी नसते. समोर असतात दोन छायाचित्रे, चार ओळींचे वर्णन आणि उलटे मोजत जाणारे घड्याळ, आणि अप्रामाणिक विक्रेत्याचे सगळे कसब या तीन गोष्टींवरच चालते.

खरेदीदाराच्या बाजूने मात्र दोन मुदती असतात. एक म्हणजे नाणे यादीत, म्हणजे विक्रेत्याने टाकलेल्या विक्रीच्या नोंदीत, दिसल्यापासून लिलाव संपेपर्यंतची, आणि दुसरी पार्सल हाती पडल्यापासून परतीची अट संपेपर्यंतची. माझ्या पाहण्यातल्या फसलेल्या व्यवहारांत बहुतेक वेळा या दोन्ही मुदती वाया गेलेल्या असतात: पहिली उत्साहात आणि दुसरी समाधानात. या लेखातल्या सर्व पायऱ्या या दोन मुदती कशा वापराव्यात याबद्दलच आहेत. त्यांपैकी एक धडा मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे आणि तो पुढे योग्य जागी सांगितला आहे.

पायरी 1: लिलाव उघडण्यापूर्वी नाण्याची ओळख करून घ्या

ज्या नाण्यावर बोली लावायची त्याचे वजन, व्यास, धातूचे प्रमाण, कडेचा प्रकार, टांकसाळीचे चिन्ह कुठे असते आणि दोन्ही बाजूंच्या ठशांची एकमेकांशी असलेली दिशा, एवढी माहिती कागदावर लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. न्युमिस्टासारख्या खुल्या ऑनलाइन सूचीत जगभरातल्या बहुतेक नाण्यांचे हे तपशील मिळतात. उदाहरणार्थ, अमेरिकेचा मॉर्गन डॉलर 26.73 ग्रॅम वजनाचा, 38.1 मिलिमीटर व्यासाचा आणि 90 टक्के चांदीचा असतो. त्याच आकाराचा, आशियातील व्यापारासाठी 1873 पासून पाडलेला अमेरिकी ट्रेड डॉलर 27.22 ग्रॅमचा असतो. ब्रिटिश सॉव्हरिन 7.98 ग्रॅम, 22.05 मिलिमीटर आणि 22 कॅरेट सोन्याचे असते, तर ब्रिटिश राजवटीतील हिंदुस्थानचा चांदीचा प्रमाण रुपया 11.66 ग्रॅमचा. विक्रेत्याने वर्णनात वजन दिले असेल तर पहिली चाळणी इथेच लागते. नाणे वापरात झिजते, त्यामुळे थोडे वजन कमी भरणे स्वाभाविक आहे. प्रमाणापेक्षा ठळकपणे जास्त भरणे मात्र झिजेने घडू शकत नाही.

त्यानंतर त्या मालिकेतील दुर्मीळ वर्षे कोणती ते पाहावे, कारण खोटे करणारा माणूस आपली मेहनत तिथेच खर्च करतो. मॉर्गन डॉलरमध्ये 1893 साली सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत केवळ 1,00,000 नाणी पडली. लिंकनचे चित्र असलेल्या एक सेंटच्या नाण्यात 1909 सालचे, सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’ आणि शिल्पकाराची ‘व्हीडीबी’ ही आद्याक्षरे असलेले नाणे 4,84,000 इतकेच निघाले. अशा नाण्यांच्या बाबतीत संपूर्ण खोटे नाणे बनवण्यापेक्षा, त्याच वर्षाच्या सामान्य नाण्यावर टांकसाळीचे चिन्ह चिकटवणे किंवा सालाचा एखादा आकडा कोरून बदलणे सोपे असते. वजन, धातू, चकाकी सगळे खरे असते. खोटे असते ते एक बारीकसे अक्षर. म्हणून दुर्मीळ वर्षाच्या नाण्याचे छायाचित्र पाहताना संपूर्ण नाणे नंतर पाहावे. आधी ते चिन्ह आणि तो आकडा यांचा आकार, जागा आणि त्यांच्या मुळाशी असलेली रेषा खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहावी.

याहून वेगळा प्रकार म्हणजे कधी अस्तित्वातच नसलेली नाणी. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि 1616, 1717, 1818 अशी साले घातलेली, रामदरबार किंवा हनुमान यांची चित्रे असलेली तांब्या-पितळेची ‘अर्धा आणा’ आणि ‘एक आणा’ अशी नाणी लिलावांत सतत दिसतात आणि त्यांच्याबद्दल चमत्कारिक दावे केले जातात. कंपनीने असे चलन कधीही पाडलेले नाही. ही अलीकडे बनवलेली काल्पनिक नाणी आहेत. एखादे नाणे कोणत्याही मान्य सूचीत सापडत नसेल, तर ‘सूचीकारांच्या नजरेतून सुटलेला अनमोल ठेवा’ आपल्याला गवसला आहे, असे समजण्यापूर्वी ही दुसरी शक्यता आठवावी.

पायरी 2: छायाचित्रांकडून पुरावा मागा

संशयास्पद यादीतील छायाचित्र बहुधा धूसर, अंधारे किंवा अति झगझगीत असते, एकाच बाजूचे असते आणि कड तर जवळजवळ कधीच दाखवलेली नसते. ओतीव खोट्या नाण्यात साच्याच्या दोन भागांचा सांधा कडेवरच राहतो; तो घासून काढला तरी घासल्याच्या रेघा तिथेच उमटतात. कड न दाखवणाऱ्या विक्रेत्याला कडेचे छायाचित्र मागणे हा म्हणूनच सर्वांत साधा आणि उपयुक्त प्रश्न आहे.

पहिले काम म्हणजे छायाचित्र उचललेले आहे का ते पाहणे. चित्र टाकून तेच चित्र इतरत्र कुठे आहे हे शोधण्याची सोय आता मोठ्या शोधयंत्रांवर आहे. नामांकित लिलावगृहाच्या जुन्या विक्रीतले चित्र उचलून ते आपल्याच हातातले नाणे असल्याचे भासवणे ही जुनी युक्ती आहे, आणि ती पकडायला दोन मिनिटे लागतात. चित्र उलटे फिरवलेले किंवा कातरलेले असेल तर शोधयंत्र चुकते, म्हणून ॲकसर्च किंवा कॉइनआर्काइव्ह्जसारख्या जुन्या लिलावांच्या संग्रहांत त्याच प्रकारची विकली गेलेली नाणीही डोळ्यांखालून घालावीत. प्राचीन नाण्यांच्या बाबतीत हे विशेष सोपे जाते. हाताने ठोकलेल्या नाण्याची चकती कुठे फाटली आहे, ठसा कोणत्या बाजूला सरकला आहे, कडेचा कोणता भाग चपटा आहे हे सगळे त्या एकाच नाण्याचे असते.

दुसरे काम आहे डाग आणि ओरखडे वाचण्याचे, आणि आधी उल्लेख केलेला धडा याच कामाचा. काही वर्षांपूर्वी मी एका लिलावात ट्रेड डॉलर घेतला. बसलेल्या स्त्रीमूर्तीच्या गुडघ्याखाली, मोकळ्या जागेत, स्वल्पविरामासारखी एक लहानशी खाच होती. नाणी एकमेकांवर आपटून अशा खुणा होतात, त्यामुळे उलट मला ती खरेपणाचीच खूण वाटली. सुमारे पाच महिन्यांनी दुसऱ्याच विक्रेत्याच्या यादीत वेगळ्या सालाचा ट्रेड डॉलर पाहत असताना त्याच जागी, त्याच आकाराची, त्याच तिरकेपणाची खाच दिसली. दोन खऱ्या नाण्यांना एकसारखी इजा होणे शक्य नाही. खऱ्या नाण्यावरून ठसा तयार केला की त्या मूळ नाण्यावरची इजाही ठशात उतरते आणि पुढे त्या ठशातून पडणाऱ्या प्रत्येक खोट्या नाण्यावर ती येते. साल बदलणे हे नंतरचे काम. अशी पुन्हा पुन्हा येणारी खाच खोटेपणाच्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी एक मानली जाते. ती दिसण्यासाठी मात्र एकापेक्षा अधिक नाणी शेजारी ठेवून पाहावी लागतात, आणि मी एकच पाहिले होते. त्यामुळे आता त्याच प्रकारची वेगवेगळ्या विक्रेत्यांची दहा-बारा छायाचित्रे साठवून ती एकत्र पाहिल्याशिवाय मी बोली लावत नाही.

तिसरे काम म्हणजे नवे छायाचित्र मागणे. मागणी नेमकी असावी: नाणे वजनकाट्यावर ठेवून आकडा दिसेल असे एक, कडेचे एक, आणि उजेडात नाणे हळूहळू तिरके करतानाची काही सेकंदांची चित्रफीत. नाणे खरोखर हाताशी असलेल्या माणसाला हे दहा मिनिटांचे काम आहे. उत्तर न येणे, ‘लिलावाच्या धामधुमीत वेळ नाही’ असे सांगणे किंवा तीच जुनी छायाचित्रे पुन्हा पाठवणे यांतून जे समजायचे ते समजते, आणि त्यावर वाद घालत बसू नये.

पायरी 3: वर्णनात काय लिहिलेले नाही ते वाचा

लबाड वर्णन सहसा सरळ खोटे बोलत नाही. ते वाचणाऱ्याला स्वतःच निष्कर्ष काढायला लावते. ‘मला नाण्यांतले फारसे कळत नाही, छायाचित्र पाहून ठरवा’ या वाक्याने जबाबदारी झटकली जाते आणि त्याच वेळी, विक्रेत्याला न कळलेला खजिना आपल्याला कळला आहे, असा मोह निर्माण होतो. त्याच विक्रेत्याने मागील महिन्यात पाचशे नाणी विकलेली असतील, तर त्या अज्ञानावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. ‘आजोबांच्या पेटीत सापडलेली’ आणि ‘कधीही न तपासलेला ढीग’ ही अशीच दोन ठरलेली कथानके. पेटी खरी असूही शकते, पण तिच्या कथेमुळे नाण्याच्या किमतीत एका पैशाचीही भर पडू देऊ नये.

‘चांदीच्या रंगाचे’, ‘चांदीसारखे’, ‘जुन्या धाटणीचे’ या शब्दांत चांदीही नसते आणि जुनेपणाही नसतो. अमेरिकेत 1973 सालच्या कायद्याने अनुकरण केलेल्या नाण्यांवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणे बंधनकारक केले आहे. पण तो शब्द छायाचित्रात बोटाखाली झाकता येतो आणि नाण्यावरून घासूनही काढता येतो. ‘जसे आहे तसे’ आणि ‘कोणत्याही परिस्थितीत परत घेतले जाणार नाही’ असे लिहिलेले असेल, तर वर सांगितलेली दुसरी मुदतच तुमच्याकडून काढून घेतलेली असते. अशा यादीतले नाणे कितीही आवडले तरी सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाणे खरे असूनही वर्णन अप्रामाणिक असू शकते. पॉलिश केलेले, तारेच्या ब्रशने घासून नकली चकाकी आणलेले, रसायनाने रंग चढवलेले, भोक बुजवलेले किंवा दागिन्यात वापरल्यावर कडी काढून झाळ घासलेले नाणे संग्राहकांच्या दृष्टीने बरेच उतरते. दागिन्याची खूण बहुधा बारा वाजण्याच्या जागी, काठावर शोधावी. तिथली अक्षरे किंवा खाचा इतर जागेपेक्षा गुळगुळीत दिसल्या की विक्रेत्याला थेट प्रश्न विचारावा, तोही मंचावरच्या (लिलावाच्या संकेतस्थळावरच्या) संदेशातच, म्हणजे उत्तराची नोंद राहते.

पायरी 4: प्लॅस्टिकच्या पेटीवर विसंबू नका

नाणे तपासून, त्याच्या अवस्थेनुसार श्रेणी देऊन सीलबंद पेटीत घालण्याची पद्धत पीसीजीएस आणि एनजीसी या अनुक्रमे 1986 आणि 1987 साली सुरू झालेल्या अमेरिकी कंपन्यांनी रूढ केली. त्या वापरतात ती 1 ते 70 ची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी 1949 साली मांडलेल्या पट्टीवर आधारलेली आहे. या पेटीला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. तिच्यामुळे खरेदी सोपी झाली हे खरे, पण पेटी आणि तिच्यावरचे लेबलही खोटे करता येते आणि केले जाते.

स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर, पत्ता स्वतः टाइप करून, तपासावा. विक्रेत्याने दिलेल्या दुव्यावरून जाऊ नये, कारण तसेच दिसणारे दुसरे संकेतस्थळ उभे करणे अवघड नसते. क्रमांक जुळला की काम झाले, असे समजण्याची चूक इथे फार जण करतात. खोटी पेटी करणारा माणूस कुठल्यातरी खऱ्या नाण्याचाच क्रमांक उचलतो, त्यामुळे नाण्याचा प्रकार, साल, श्रेणी सगळे बरोबर निघते. म्हणून कंपनीच्या नोंदीत त्या नाण्याचे छायाचित्र असेल तर ते विक्रेत्याच्या छायाचित्राशेजारी ठेवून एकेक ओरखडा जुळवावा. नोंदीत छायाचित्र नसेल, तर त्याच क्रमांकाचे नाणे आधी कुठल्या लिलावात गेले होते का ते शोधावे.

ज्या कंपनीचे नाव कधी ऐकलेले नाही तिने दिलेली 69 किंवा 70 ही श्रेणी म्हणजे विक्रेत्याचेच मत असते, फक्त ते छापलेले असते. लेबलवर श्रेणीच्या आकड्याऐवजी ‘डीटेल्स’ असा शब्द असेल, तर नाणे खरे पण साफ केलेले किंवा इजा झालेले आहे, असा त्याचा अर्थ होतो. काही विक्रेते तो शब्द छायाचित्रात कापून टाकतात.

पायरी 5: विक्रेत्याचा इतिहास

प्रतिसादांची टक्केवारी पाहून थांबू नये. शंभर टक्के समाधानी ग्राहक असलेल्या खात्याने आजवर मोबाइलची आवरणे आणि किरकोळ वस्तू विकल्या असतील, तर त्या समाधानाचा दुर्मीळ नाण्याशी काही संबंध नाही. नकारात्मक प्रतिसाद मात्र एकेक करून वाचावेत, विशेषतः ‘खोटे’, ‘वजन कमी’, ‘चित्रातले नाही’ हे शब्द असलेले. दीर्घकाळ निष्क्रिय असलेले खाते अचानक जागे होऊन एकाच दिवशी महागड्या नाण्यांच्या वीस याद्या टाकत असेल, तर ते खाते कोणीतरी बळकावले असण्याची शक्यता असते.

विक्रेत्याच्या इतर याद्याही पाहाव्यात. ज्याच्याकडे एकाच वेळी पाच वेगवेगळ्या देशांची पाच अति दुर्मीळ नाणी आहेत, सगळ्यांचा रंग एकसारखा राखाडी आहे आणि सगळी तितकीच झिजलेली आहेत, त्याच्याकडे ती एकाच कारखान्यातून आलेली असतात. व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व सांगितले असेल तर ते त्या संघटनेच्या स्वतःच्या सदस्ययादीत तपासावे. 1951 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक नाणेतज्ज्ञ संघटनेची, म्हणजे आयएपीएनची, अशी यादी खुली आहे. प्राचीन नाणे असेल तर ते कुठून, कोणत्या संग्रहातून आले हेही विचारावे. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा 1970 सालचा करार आहे, आणि मागचा कागद नसलेले नाणे खरे असले तरी पुढे अडचणीत आणू शकते.

पायरी 6: बनावट बोली ओळखा

नाणे खरे, वर्णन खरे, तरीही लिलाव खोटा असू शकतो. विक्रेता स्वतःच्या दुसऱ्या खात्यातून किंवा मित्राकडून बोली लावून किंमत चढवतो, आणि हे ओळखण्यासाठी लिलावाचे यंत्र कसे चालते ते समजून घ्यायला हवे. बहुतेक मंचांवर तुम्ही तुमची कमाल रक्कम सांगता आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. समजा, तुमची कमाल 10,000 आहे, दुसरा खरा ग्राहक 6,000 वर थांबला आणि एका पायरीची वाढ 100 ची आहे; तर नाणे तुम्हाला 6,100 ला मिळते. आता मध्ये एक बनावट खाते येऊन 7,000, 8,000, 9,000 अशी बोली लावते, आणि तेच नाणे तुम्हाला 9,100 ला पडते. तुम्ही तुमच्या मर्यादेतच राहिलात, त्यामुळे काही चुकल्याचे तुम्हाला जाणवतही नाही. तक्रार न होणारी अशी ही फसवणूक आहे.

बोलींचा इतिहास उघडून वाचावा. एखादे खाते याच विक्रेत्याच्या वस्तूंवर सतत बोली लावते, पण जिंकत जवळजवळ कधीच नाही. लिलाव संपायला बराच वेळ असताना ते लहान लहान पायऱ्यांनी चढत जाते आणि आघाडीवर आले की थांबते. किंवा ‘आकडा चुकून टाकला’ म्हणून बोली मागे घेते. या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. बनावट खाते मुद्दाम फार मोठी बोली लावून तुमची कमाल 10,000 आहे हे जाणून घेते, ती बोली मागे घेते आणि मग 9,900 ची बोली लावते. आपली कमाल रक्कम उघड झाल्याचे दिसले, तर त्या लिलावातून बाहेर पडण्याचा मंचावर जो काही मार्ग असेल तो वापरावा आणि तक्रार नोंदवावी.

यावरचा उपाय म्हणजे एकदाच, आपल्या खऱ्या कमाल रकमेची बोली, लिलाव संपता संपता लावणे. चार दिवस आधी लावलेली कमाल बोली बनावट खात्याला चाचपडायला चार दिवस देते; शेवटच्या काही सेकंदांत लावलेली बोली ती संधी देत नाही. जिथे शेवटच्या बोलीनंतर वेळ आपोआप वाढतो, तिथे या युक्तीचा उपयोग कमी होतो आणि आपल्या मर्यादेवर ठाम राहणे एवढाच उपाय उरतो. राखीव किंमत ठेवणे मात्र गैर नाही. तिच्याखाली नाणे विकले जात नाही एवढेच.

लिलाव हरल्यावर दोन दिवसांनी ‘जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या शेवटच्या बोलीला नाणे घ्या’ असा संदेश आला, तर दोन शक्यता असतात. संदेश मंचाबाहेरून, ईमेलने आला असेल, तर पाठवणारा विक्रेता नसून तिसराच भामटा असू शकतो. उत्तर देऊ नये. मंचावरूनच आला असेल तर जिंकणारे खाते बनावट होते का ते इतिहासात पाहावे. तसे वाटले तर ते खाते वगळून किंमत कुठे थांबली असती ती काढून तेवढीच द्यावी, किंवा सरळ नकार द्यावा.

पायरी 7: मर्यादा आधी, कागदावर

किंमत ठरवताना याद्यांमधल्या मागणीच्या किमती पाहू नयेत, कारण मागायला कोणाचेच काही जात नाही. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या त्याच श्रेणीच्या नाण्यांच्या किमती पाहाव्यात, आणि एकाच विक्रमी विक्रीवर न जाता निदान चार-पाच घ्याव्यात. लिलावगृह खरेदीदाराकडून वेगळे अधिमूल्य, म्हणजे बोलीच्या रकमेवर जादा शुल्क, घेत असेल तर ते आधीच उलटे मोजावे. एकूण 10,000 खर्च करायचे आहेत, पाठवणी 300 आहे आणि अधिमूल्य 20 टक्के आहे, तर बोलीची मर्यादा 9,700 भागिले 1.2, म्हणजे सुमारे 8,080 येते. कर आणि सीमाशुल्क लागणार असेल तर ती आणखी खाली जाते. हा आकडा लिलावाच्या दिवशी काढू नये, आदल्या दिवशी काढावा.

पायरी 8: पैसे देणे

हा भाग थोडक्यात सांगता येतो. पैसे मंचाच्याच व्यवस्थेतून द्यावेत, शक्यतो क्रेडिट कार्डाने, म्हणजे बँकेकडे व्यवहारावर आक्षेप घेता येतो. ‘बाहेर व्यवहार केला तर सूट देतो’ हे वाक्य ऐकताच बोलणे संपवावे. पेपालवर ‘मित्र आणि कुटुंबीय’ या प्रकाराने पाठवलेल्या पैशांना खरेदीचे संरक्षण नसते. थेट बँक हस्तांतरण, गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टो चलन यांतून गेलेला पैसा परत आणणे जवळपास अशक्य असते. समाजमाध्यमांवर थेट प्रक्षेपणातून चालणाऱ्या लिलावांत विचार करायला पंधरा-वीस सेकंद मिळतात आणि वरच्या पायऱ्यांपैकी एकही त्यांत बसत नाही, म्हणून मी तिथे महागडे नाणे घेत नाही.

पायरी 9: पार्सल आले त्याच दिवशी

दुसरी मुदत इथे सुरू होते. ट्रेड डॉलरच्या वेळी मी पाकीट उघडले, नाणे पाहून खूश झालो आणि ते तसेच पेटीत ठेवले. खाच दिसल्यावर, पाच महिन्यांनी, पहिल्यांदा ते काट्यावर ठेवले तेव्हा 27.22 ऐवजी 23.6 ग्रॅम भरले. परतीची मुदत केव्हाच सरली होती. पहिल्या संध्याकाळी दोन मिनिटे दिली असती तर पैसे परत मिळाले असते.

पार्सल उघडताना सलग चित्रीकरण करावे: पत्त्याचे लेबल, न उघडलेले सील, मग नाणे, मग नाण्याच्या दोन्ही बाजू. त्यानंतर 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग आणि छोटे पण शक्तिशाली निओडिमियम चुंबक एवढे साहित्य पुरते. आधी वजन, मग व्यास आणि जाडी. चांदी, सोने, तांबे चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटले तर आत लोखंडासारखा चुंबकीय धातू आहे. चांदीचे नाणे तिरके धरून त्यावरून चुंबक सोडले तर ते झपकन न घसरता रेंगाळत उतरते, कारण चांदीसारख्या उत्तम विद्युतवाहकात हलत्या चुंबकामुळे उलट ओढणारे प्रवाह तयार होतात.

यापुढची चाचणी घनतेची, आणि ती घरच्या काट्यावर होते. पेलाभर पाणी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडांना टेकणार नाही असे धरावे. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकावेत. काट्यावर आता जो आकडा दिसतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असते. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. खऱ्या ट्रेड डॉलरला हा आकडा सुमारे 2.64 यायला हवा, आणि 27.22 भागिले 2.64 म्हणजे 10.3, जी 90 टक्के चांदी आणि 10 टक्के तांब्याच्या मिश्रणाची घनता आहे. माझ्या नाण्याने 2.65 दाखवले, 23.6 भागिले 2.65 म्हणजे 8.9, अर्थात तांबे आणि निकेल. 22 कॅरेट सोन्याची घनता साडेसतराच्या आसपास येते. शुद्ध सोन्याच्या नाण्यात ही चाचणी एकटी पुरत नाही, कारण टंगस्टनची घनता 19.25 आणि सोन्याची 19.32 इतकी जवळ आहे. तिथे व्यास, जाडी आणि तज्ज्ञाकडील धातूचे यंत्रपरीक्षण हवे. स्लॅबमधले नाणे या चाचणीसाठी फोडून बाहेर काढू नये.

शेवटी भिंगाखाली पाहावे. ओतीव नाण्यावर बारीक खड्डे, मऊ आणि फुगीर अक्षरे दिसतात; खऱ्या, ठोकलेल्या नाण्यावर अक्षरांचे काठ पृष्ठभागातून ठामपणे वर आलेले असतात. सगळे होईपर्यंत नाणे पुसू, घासू किंवा धुऊ नये, आणि आम्ल तर लावूच नये, कारण बदललेले नाणे परत घेणे विक्रेता रास्तपणे नाकारू शकतो.

काही न जुळल्यास त्याच दिवशी मंचावर तक्रार नोंदवावी. ‘नाणे खोटे वाटते’ असे न लिहिता ‘प्रमाण वजन 27.22 ग्रॅम, प्रत्यक्ष वजन 23.6 ग्रॅम, काट्याचे छायाचित्र सोबत’ असे लिहावे. ‘थोडे पैसे परत करतो, तक्रार मागे घ्या’ असा प्रस्ताव आल्यास तक्रार मागे घेऊ नये. बहुतेक ठिकाणी एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडत नाही. परत पाठवताना माग काढता येईल अशी विमा उतरवलेली सेवा वापरावी आणि पाकीट बंद करण्याचेही चित्रीकरण करावे.

परतीचा मार्गच उरला नसेल, तर ते नाणे दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारू नये आणि खऱ्यांच्या पेटीतही ठेवू नये. माझा ट्रेड डॉलर वेगळ्या पाकिटात आहे. पाकिटावर ‘खोटे’ हा शब्द, 23.6 हे वजन, 8.9 ही घनता आणि गुडघ्याखालच्या खाचेचे रेखाटन आहे, म्हणजे माझ्यानंतर ही पेटी ज्याच्या हाती येईल त्याच्याकडून ते खरे म्हणून पुन्हा लिलावात जाणार नाही. दरम्यान नवे ट्रेड डॉलर पाहताना ते पाकीट मी शेजारी उघडे ठेवतो, आणि ती खाच आजवर मला आणखी दोन याद्यांमध्ये सापडली आहे.